शब्दसंपत्ती वाढवायला दर आठवड्याला चाचणी: खरंच उपयोग होतो का?

फळाखडू

नमस्कार मंडळी, मी सातवी-आठवीला भाषा शिकवते. सोमवारी फळ्यावर दहा शब्द आणि अर्थ लिहून द्यायचे, मुलांनी वहीत उतरवून घ्यायचे आणि शुक्रवारी त्यावर दहा गुणांची चाचणी, असा आमच्याकडे शिरस्ता आहे. मी यायच्या आधीपासून चालू आहे आणि मीही तोच चालवतेय.

आता गंमत अशी की शुक्रवारी निम्म्या वर्गाला पैकीच्या पैकी. आणि महिन्याभराने त्यातलाच एखादा शब्द धड्यात आला की सगळे माझ्याकडे असे बघतात की जणू हा शब्द त्यांनी जन्मात ऐकला नाहीये. निबंधात वापरणं तर लांबच राहिलं, तिथे 'छान', 'खूप' आणि 'मजा आली' यांच्यापुढे गाडी सरकत नाही.

एक सहकारी म्हणतात बंद कर हे, वेळ वाया जातोय. दुसऱ्या म्हणतात आठवड्याला एक पुरत नाही, रोज घे. तर ज्यांनी हे केलंय, किंवा ज्यांच्यावर हे झालंय :) त्यांनी सांगा. चाचणी ठेवू का काढून टाकू, आणि ठेवायची तर कशी?

मागचा_बाक

ज्यांच्यावर झालंय त्यांच्यातर्फे हजर आहे. आमची शब्दचाचणी पहिल्या तासाला असायची त्यामुळे सगळा अभ्यास प्रार्थनेच्या रांगेत. डोळे मिटलेले, ओठ हलतायत, बाईंना वाटायचं काय भक्तिभाव आहे पोरात.

कच्चीवही

वाचतोय. तासाला जायचंय, संध्याकाळी सविस्तर लिहितो.

निवृत्त_मास्तर

फळाखडूताई, काढून टाका. उभी हयात वर्गात गेली माझी, यादी पाठ करून ज्याची भाषा सुधारली असा विद्यार्थी मला तरी भेटला नाही. ज्यांची भाषा चांगली होती ती सगळी वाचणारी मुलं होती, हाताला लागेल ते वाचायची. शब्द गोष्टीत भेटतो, पुन्हा दुसऱ्या गोष्टीत भेटतो, मग आपला होतो. चाचणी घेणं म्हणजे बी रुजलंय का ते बघायला रोज रोप उपटून बघण्यासारखं आहे. चाचणीने मोजमाप होतं, वाढ होत नाही. त्या वेळात मुलांना वीस मिनिटं शांतपणे वाचू द्या.

शब्दवेडी

+१ मास्तर. माझं सगळं वाचनातूनच आलंय.

टिंबटिंब

मास्तर, वाचनाबद्दल पूर्ण सहमत, पण "मोजमाप होतं, वाढ होत नाही" याला मात्र जोरदार असहमती. आठवून बघण्याची क्रिया स्वतःच शिकवते, आणि हे बऱ्यापैकी पक्कं झालेलं आहे.

रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग बघा. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. नंतर काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला, आणि काहींनी कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहून काढलं, चूक का बरोबर हेही त्यांना कोणी सांगितलं नाही. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने विचारलं तर उलटं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होतं आणि पुन्हा वाचणाऱ्यांना ४२.

दोघांचाच २००८ चा प्रयोग तर थेट शब्दांवर आहे. स्वाहिली भाषेतले ४० शब्द आणि त्यांचे इंग्रजी अर्थ. एखादा शब्द एकदा बरोबर आला की काही गटांना तो पुन्हा विचारलाच नाही, आणि काहींना येत असला तरी विचारत राहिले. आठवड्यानंतर विचारत राहिलेल्या गटांना साधारण ८० टक्के शब्द येत होते, विचारणं थांबवलेल्यांना एक तृतीयांशच्या आसपास. आणि सगळ्यात मजेशीर म्हणजे सगळ्या गटांना आधी विचारलेलं की तुम्हाला किती आठवेल, तर सगळ्यांचा अंदाज सारखाच, निम्मे. म्हणजे आपण कशाने शिकतो हे शिकणाऱ्याला स्वतःला कळत नाही.

आता फळाखडूताईंचं सोमवार-शुक्रवार घ्या. शब्द शुक्रवारी एकदा बरोबर आला आणि मग वर्षभर कोणी विचारलाच नाही. हा तंतोतंत विचारणं थांबवलेला गट झाला.

मागचा_बाक

स्वाहिली ऐकूनच मला प्रार्थनेची रांग आठवली.

निवृत्त_मास्तर

टिंबटिंबबाई, हे सगळे कॉलेजातले, प्रयोगशाळेत बसवलेले. सातवीच्या साठ पोरांचा वर्ग ही वेगळी चीज असते हो.

टिंबटिंब

शाळेतलंही आहे काका, आणि जुनं आहे. १९३९ मध्ये स्पिट्झर यांनी अमेरिकेत आयोवामधल्या सहावीच्या ३६०५ मुलांवर हेच करून पाहिलं. सगळ्यांनी एकच लेख वाचला, कोणाची चाचणी लगेच, कोणाची काही दिवसांनी, कोणाची त्याहून उशिरा. ज्यांची लवकर चाचणी झाली त्यांना दोन महिन्यांनीही जास्त आठवत होतं. चाचणीला उशीर झाला की तोवर बरंचसं विसरून गेलेलं असतं, आणि जे आठवतच नाही ते आठवण्याचा सराव कसा होणार.

विसरण्याचा वेग तर एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच स्वतःवर मोजून ठेवलाय, निरर्थक अक्षरसमूह पाठ करून. सुरुवातीला धाडकन घसरण, मग हळूहळू.

गोगलगाय

मी शिक्षिका नाही, पालक आहे, त्यामुळे वेगळं लिहिते. माझ्या मुलीच्या शाळेत (नाव नको) दर आठवड्याला शब्दचाचणी व्हायची आणि गुण वर्गात मोठ्याने वाचून दाखवायचे, शिवाय भिंतीवर तक्ता, ज्यांना दहापैकी दहा त्यांच्या नावापुढे चांदणी. माझी मुलगी हळू लिहिते. आदल्या रात्रीपासून पोटात दुखायचं तिच्या. तिला शब्द येत नव्हते असं नाही, घरी गप्पा मारताना चांगले वापरायची, पण तिथे घाईत लिहिताना वेलांटी चुकली की अर्धा गुण गेला. वर्षअखेरीला ती मला म्हणाली मला भाषा विषय येत नाही. प्रयोगात टक्के वाढले असतील पण हे कोणी मोजलं का?

शब्दवेडी

गोगलगाय, तुला मिठी. चांदण्यांचा तक्ता हा प्रकार कोणी शोधला देव जाणे.

मागचा_बाक

माझ्या नावापुढची जागा इतकी स्वच्छ होती की तिथे शेवटी वेळापत्रक चिकटवलं.

पानगळ

मी अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांबरोबर काम करते. गोगलगाय यांनी लिहिलंय ते फार महत्त्वाचं आहे. शब्दाचा अर्थ कळणं, शब्द उच्चारता येणं, शुद्ध लिहिता येणं आणि ठरलेल्या वेळात लिहिता येणं या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण एकाच कागदावर चारही मोजतो आणि वर लिहितो 'शब्दसंपत्ती ४/१०'. अर्थ तपासायचा असेल तर वेलांटीचा गुण कापू नका, ती चूक नंतर शांतपणे दाखवा. काही मुलांना तोंडी विचारा. काहींना चित्र काढू द्या. आणि वेळ लावून घड्याळ फळ्यावर दाखवायची खरंच काही गरज नसते.

टिंबटिंब

गोगलगाय, मोजलंय बरं. रूथ बटलर यांचा १९८८ चा अभ्यास इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवरचा. एका गटाला कामावर फक्त शेरा मिळाला, दुसऱ्याला फक्त गुण, तिसऱ्याला दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्यांची कामगिरीही सुधारली आणि गोडीही टिकली. तिसऱ्या गटाला तोच शेरा मिळूनही फायदा झाला नाही, गुण दिसले की शेरा कोण वाचतंय.

वर मी ज्या चाचण्या म्हणतेय त्या म्हणजे आठवण्याचा सराव, त्याला गुण लागतच नाहीत. २००६ च्या प्रयोगातल्या त्या कोऱ्या कागदाला कोणी गुण दिले नव्हते. आपल्याकडे चाचणी म्हटलं की लाल पेन आलंच, घोळ तिथे आहे.

निवृत्त_मास्तर

हे मात्र शंभर टक्के पटलं. गुण नसलेली चाचणी असेल तर मी विरोध मागे घेतो. अर्धा.

चक्रम

गुण नकोत, तक्ता नको, घड्याळ नको, मग मुलं अभ्यास कशाला करतील? दिवे घ्या पण प्रश्न खरा आहे. मी नववीला शिकवतो, गुण नाहीत म्हटलं की अर्धा वर्ग खिडकीबाहेर बघतो. मी कहूट नावाचा ऑनलाइन प्रश्नमंजुषेचा खेळ वापरतो, पडद्यावर प्रश्न, चार रंग, संगीत, पोरं बाकावर उभी राहतात अक्षरशः. गोडी लावायची तर स्पर्धा पाहिजे.

अनुस्वार

चक्रम, बाकावर उभी राहतात हे मान्य, पण कोण राहतं ते एकदा बघा. पहिली पाच-सहा मुलं राहतात. जो लवकर बटण दाबेल त्याला जास्त गुण असा हिशोब चालू ठेवला असेल तर विचार करून उत्तर देणारं मूल तिसऱ्या प्रश्नाला सोडून देतं आणि मग नुसते रंग दाबत बसतं. वेगाचे गुण बंद करता येतात, किंवा गटात खेळवा.

दुसरं, चार पर्यायांतून निवडणं हे ओळखणं झालं, आठवणं नाही. रस्त्यात भेटलेला माणूस ओळखता येतो पण त्याचं नाव सांगता येत नाही हा अनुभव सगळ्यांना आहेच.

टिंबटिंब

शिवाय पर्यायांमध्ये एक छुपा धोका असतो. रोडिगर आणि मार्श यांनी २००५ मध्ये दाखवलं की बहुपर्यायी चाचणीने एकंदर फायदा होतो, पण चुकीचे पर्यायही डोक्यात शिरतात आणि नंतर मुलं तेच 'बरोबर' म्हणून सांगतात. त्यामुळे बहुपर्यायी घेतलीत तर प्रत्येक प्रश्नानंतर तिथल्या तिथे बरोबर उत्तर सांगायलाच हवं. पुढच्या आठवड्यात पेपर वाटू म्हटलं की चुकीचं पक्कं होऊन बसतं.

चक्रम

ओके, वेगाचे गुण काढून बघतो. संगीत मात्र राहणार.

कच्चीवही

संध्याकाळ म्हणालो होतो, रात्र झाली. वरचे सगळे प्रतिसाद वाचले, आता मी वर्गात प्रत्यक्ष काय करतो ते लिहितो, लांबलंय, चालवून घ्या.

तास सुरू झाला की पहिली पाच मिनिटं. रोज नाही, आठवड्यातून तीनदा, आणि वार ठरलेला नाही. वार ठरला की मुलं आदल्या रात्री रट्टा मारतात आणि आपल्याला मग त्यांच्या आदल्या रात्रीचंच मोजमाप मिळतं. कच्च्या वहीचं मागचं पान उघडायचं, मी दहा प्रश्न तोंडी विचारतो. त्यातले चार या आठवड्यातले शब्द, तीन गेल्या आठवड्यातले, तीन महिन्याभरापूर्वीचे किंवा त्याहून जुने. हे जुने शब्द घालणं हाच सगळ्याचा गाभा आहे माझ्या मते. बाकी काही नाही केलं आणि फक्त एवढं केलं तरी फळाखडू यांची निम्मी तक्रार जाईल.

मग लगेच उत्तरं फळ्यावर. मुलं स्वतःच तपासतात, वेगळ्या रंगाच्या पेनाने. मी गुण विचारत नाही आणि नोंदवतही नाही. मात्र "कोणता शब्द चुकला" हे हात वर करून विचारतो आणि ज्या शब्दाला जास्त हात, तो शब्द त्याच आठवड्यात परत. चुकलेला शब्द मुलं एका चिठ्ठीवर लिहितात, पुढे शब्द मागे अर्थ आणि स्वतःचं एक वाक्य. सेबास्टियन लाइटनर नावाच्या जर्मन पत्रकाराने १९७२ मध्ये पुस्तकातून ही खोक्यांची पद्धत मांडली होती. शब्द बरोबर आला की चिठ्ठी पुढच्या खोक्यात, तिथे ती जास्त दिवसांनी निघते, चुकला की परत पहिल्या खोक्यात. खोकं म्हणजे काही मोठं नाही, पाकिटंसुद्धा चालतात. मोबाईलवर अंकी नावाचं ॲप येतं ते याच जातीचं, पण वर्गात चिठ्ठ्या बऱ्या, मुलांना हाताळायला आवडतं आणि जोडीत एकमेकांना विचारता येतं.

कॉपी करतात का म्हणून विचारणार असाल तर करत नाहीत, कारण मिळवायचं काही नाही त्यात. पहिले काही आठवडे सवयीने शेजारी बघतात, मग आपोआप थांबतं.

आणि प्रश्नाची दिशा बदलत राहायची. आधी मी शब्द म्हणतो, त्यांनी अर्थ. रुळला की मी अर्थ सांगतो, त्यांनी शब्द. दुसरं फार अवघड जातं, सुरुवातीला वर्ग कुरकुरतो, पण निबंध लिहिताना डोक्यात आधी अर्थच असतो ना, शब्द शोधावा लागतो. नुसतं शब्दावरून अर्थ विचारत राहिलात तर वाचताना उपयोग होतो, लिहिताना नाही होत.

फळाखडू

कच्चीवही सर, प्रिंट काढून ठेवावा असा प्रतिसाद आहे हा. जुने शब्द परत विचारायचे हे इतकं साधं आहे पण आमच्या वेळापत्रकात त्याला जागाच नाहीये, प्रत्येक शुक्रवार स्वतंत्र संस्थान.

एक विचारू का, शब्द निवडता कसे? आमची यादी तयार मिळते, विषयवार. एका आठवड्यात सगळे भावनांचे शब्द, एका आठवड्यात सगळे समानार्थी, असं.

अनुस्वार

आता माझ्या आवडीचा विषय आला.

नवे शब्द विषयवार एकत्र देऊ नका. यादी बनवणाऱ्याला ते नीटनेटकं वाटतं, शिकणाऱ्याची पंचाईत होते. टिंकहॅम (१९९३) आणि वॉरिंग (१९९७) यांनी दाखवलंय की एकाच अर्थगटातले नवे शब्द एकदम शिकवले तर ते एकमेकांत मिसळतात आणि शिकायला जास्त वेळ लागतो. दिसायला सारखे शब्दही तसेच. 'अपेक्षा' आणि 'उपेक्षा' एकाच दिवशी नवे म्हणून दिलेत की आयुष्यभर मुलगा थबकून विचार करणार, यातलं नेमकं कोणतं. 'परिणाम' आणि 'परिमाण' तेच. आधी एक पक्का होऊ द्या, मग काही आठवड्यांनी दुसरा आणा, आणि तेव्हा मात्र दोन्ही शेजारी ठेवून फरक खुशाल दाखवा.

निवडीबद्दल: बेक, मॅक्कीऑन आणि कुकन यांची तीन थरांची मांडणी सोयीची आहे. पहिल्या थरात रोजच्या बोलण्यातले, ते शिकवावे लागत नाहीत. तिसऱ्या थरात एखाद्या विषयापुरते, जसं 'प्रकाशसंश्लेषण', ते विज्ञानाच्या तासाला येतील. चाचणीत घ्यायचे ते मधल्या थरातले, जे कुठल्याही विषयाच्या पुस्तकात येतात पण बोलण्यात फारसे येत नाहीत: 'गृहीत', 'अनिवार्य', 'तुलनेने', 'संदिग्ध', 'निष्कर्ष'. मुलांचं घोडं इथेच अडतं. गणितातलं उदाहरण येत नाही म्हणतात, खरं तर त्यातला 'अनुक्रमे' कळलेला नसतो.

शब्दवेडी

अनुक्रमे!!! मला दहावीपर्यंत वाटायचं ते शोभेला असतं.

निवृत्त_मास्तर

अनुस्वार यांनी विषय काढलाच आहे तर आमची जुनी युक्ती सांगतो. सुटे शब्द देण्यापेक्षा कुटुंब द्यावं. फळ्यावर मध्ये 'हार' लिहायचा आणि मुलांना उपसर्ग लावायला सांगायचं. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार, उपहार, अपहार. एका तासात सात शब्द, आणि 'प्र', 'सम्', 'परि', 'अप' हातात येतात ते वेगळेच, पुढे ते कुठेही चालवता येतात.

अनुस्वार

मास्तर, सुंदर, पण मी वर जे म्हणालो त्याच्या बरोब्बर उलट आहे हे. सात सारखे दिसणारे शब्द एका तासात!

निवृत्त_मास्तर

तुमचं संशोधन तुमच्यापाशी. माझी मुलं परिहार आणि अपहार यात गोंधळली नाहीत कधी.

टिंबटिंब

दोघांचंही बरोबर असू शकतं की. मास्तर बहुतेक असे शब्द घेत असणार ज्यातले निम्मे मुलांना आधीच माहीत होते. आहार, प्रहार, संहार कानावरून गेलेले असतात, एक-दोनच नवे. माहीत असलेल्यांच्या ओळीत एक नवा बसवणं वेगळं, सातही कोरे करकरीत देणं वेगळं.

निवृत्त_मास्तर

हो, तसंच असायचं. सातवा मी सांगायचो, बाकी तीच सांगायची.

मागचा_बाक

आणि 'मनोहार'?

अनुस्वार

तो 'मनोहर'. बाकावर उभे राहा.

चक्रम

संगीत लावू का?

शब्दवेडी

धागा हारात अडकला :D

बरं एक हिशोब मांडते. आठवड्याला दहा शब्द, वर्षाचे समजा पस्तीस आठवडे, झाले साडेतीनशे. सगळेच्या सगळे लक्षात राहिले तरी साडेतीनशे. पण मोठ्या माणसाला तर हजारोंनी शब्द येत असतात ना, मग हे चाचणीने कधी व्हायचं?

टिंबटिंब

होणारच नाही, मास्तरांचा मुद्दा इथे खरा ठरतो. पॉल नेशन यांनी २००६ मध्ये इंग्रजीसाठी हिशोब मांडला होता, कादंबरी किंवा वर्तमानपत्र कोणाच्या मदतीशिवाय वाचायचं, म्हणजे ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत, तर आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं (मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुटुंब) लागतात. वर्षाला साडेतीनशेने तिथे पोचायला पंचवीस वर्षं लागतील.

पण सगळे शब्द सारख्या वेळा येत नसतात. इंग्रजीतच १९५३ ची मायकेल वेस्ट यांची सुमारे दोन हजार शब्दांची यादी आहे, त्यातले शब्द सामान्य लिखाणाचा फार मोठा भाग व्यापतात. आणि कॉक्सहेड यांची २००० सालची शैक्षणिक शब्दयादी फक्त ५७० शब्दकुटुंबांची आहे आणि शैक्षणिक लिखाणातले साधारण दहा टक्के शब्द तिच्यात सापडतात. मग हे साडेतीनशे कोणते निवडता त्यावर खूप काही ठरतं. मधल्या थरातले नेमके निवडलेत तर मुलाला धड्यात अडखळायला कमी होईल, अडखळणं कमी झालं की वाचेल, आणि बाकीचे हजारो वाचनातून येतील. वाचणाऱ्या मुलाला वाचनच पुरतं काका, पण ज्याला प्रत्येक ओळीत तीन शब्द अडतात त्याला वीस मिनिटं शांतपणे वाच म्हणून सांगितलं तर तो वीस मिनिटं पानं उलटतो.

निवृत्त_मास्तर

हं. अशी पोरं होती. पानं उलटणारी. त्यांच्यासाठी ठेवा चाचणी.

पानगळ

मास्तरांचा राहिलेला अर्धा विरोध गेला, नोंद घ्या.

फळाखडू

मंडळी, धागा मस्त चाललाय, पण माझा दुसरा प्रश्न अजून लोंबकळतोय: शब्द आठवला तरी निबंधात का येत नाही? मी 'वाक्यात उपयोग करा' घालते चाचणीत. तर उत्तरं ही अशी. "कृतघ्न हा शब्द मला आवडतो." "बाईंनी कृतघ्न शब्द विचारला." "तो कृतघ्न आहे." यातलं एकही वाक्य व्याकरणाने चूक नाही, गुण कापता येत नाहीत आणि देववतही नाहीत.

मागचा_बाक

"बाईंनी विचारला" लिहिणारा पोरगा पुढे वकील होणार.

कच्चीवही

हा प्रकार सगळीकडे आहे. वाक्यात उपयोग करा हा प्रश्न मी सोडून दिला. त्याऐवजी असं विचारतो की अर्थ वापरल्याशिवाय उत्तरच देता येऊ नये. "कृतघ्न माणसाला मदत केलीत तर तो नंतर कसा वागेल?" "संदिग्ध सूचना दिल्या तर वर्गात काय गोंधळ होईल?" किंवा दोन शब्द देऊन: "अनिवार्य गोष्टीबद्दल कोणी उदासीन असू शकतं का? का?" यावर भांडणं होतात वर्गात, आणि भांडताना तो शब्द दहा वेळा तोंडातून जातो. ते दहा वेळा फुकट मिळाले.

कधी मी चुकीचं वाक्य देतो. "पाऊस पडल्यामुळे शेतकऱ्याने निषेध व्यक्त केला." काय बिघडलंय सांगा.

अनुस्वार

यात भर घालतो, शब्दाबरोबर त्याचा सोबतीही विचारा. निर्णय 'घेतात', मोहीम 'राबवतात', खंत 'वाटते', निषेध 'नोंदवतात', डाव 'उधळतात', आरोप 'फेटाळतात'. मुलांना 'मोहीम' कळते पण तिचं पुढे काय करायचं हे माहीत नसतं म्हणून निबंधात ती 'मोहीम केली' लिहितात किंवा घाबरून टाळतात. गाळलेली जागा क्रियापदाची ठेवा, नामाची नको.

गोगलगाय

कच्चीवही सरांसारखे प्रश्न असते तर माझी मुलगी रोज हात वर करून बसली असती. बोलायला पुढे असते ती.

चक्रम

चुकीचं वाक्य हे मी उद्याच चोरतोय. पर्याय म्हणून चार वाक्यं देतो, एकच बरोबर.

टिंबटिंब

तीन चुकीची वाक्यं वाचायला देणार? वर २००५ चं लिहिलंय ते परत वाचा :)

चक्रम

बरं बाई, तीन बरोबर एक चूक. आणि उत्तर लगेच.

पानगळ

अजून एक. नवा शब्द द्यायच्या आधी मुलांना अर्थाचा अंदाज बांधायला सांगा, वाक्यातला संदर्भ देऊन. चुकला तरी हरकत नाही, लगेच बरोबर सांगायचा. अंदाज बांधलेला शब्द जास्त लक्षात राहतो आणि ज्या मुलांना चुकायची भीती बसलीये त्यांना कळतं की इथे सगळेच चुकतायत.

फळाखडू

वा. माझं आता असं ठरतंय: सोमवारची फळ्यावरची यादी बंद, आठवड्याला सहा-सातच शब्द, तेही धड्यातून आणि शक्यतो मधल्या थरातले. पाच मिनिटांची प्रश्नफेरी, वार न सांगता, जुने शब्द मिसळून. तपासणं मुलांकडे. आणि वाचलेल्या वेळात मास्तरांची वीस मिनिटं.

अडचण एकच. कार्यालयाला दर महिन्याला शब्दचाचणीचे गुण भरून द्यावे लागतात, तो रकाना आहे तक्त्यात. रिकामा सोडला तर बोलावणं येतं.

कच्चीवही

आमच्याकडेही रकाना आहे. महिन्याच्या शेवटी एक चाचणी घेतो, महिनाभर विचारलेल्याच शब्दांवर, मुलांना आधी सांगून. तिचे गुण भरतो. तोवर तो शब्द त्यांनी इतक्यांदा आठवलेला असतो की घाबरायला फारसं उरत नाही. शेरा आणि गुण एकाच दिवशी देत नाही. आधी नुसता शेरा लिहून वही परत, दोन दिवसांनी गुण.

टिंबटिंब

हे झकास आहे. दोन दिवस का होईना, शेरा वाचला जातो.

निवृत्त_मास्तर

रकाने आमच्या वेळीही होते. ते भरत राहा, भांडू नका त्यांच्याशी.

शब्दवेडी

प्रश्न: वार सांगायचा नाही म्हणता, मग त्या दिवशी जी मुलं गैरहजर असतील त्यांचं काय? पुन्हा वेगळी घ्यायची का?

कच्चीवही

काही करायचं नाही. गुण नाहीत, मग बुडालं काय? ते शब्द पुढच्या आठवड्यात येणारच आहेत, आणि महिन्याने परत.